साथीच्या काळात पेन क्लिनिकचे काम कसे लावावे

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याच्या सूचना देशभरातील रुग्णालयांना मिळाल्या आणि सुईने केले जाणारे वेदना-उपचारही अनेक ठिकाणी सरसकट त्यांतच मोजले गेले. पुन्हा साथ आल्यास कोल्हापुरातील पेन क्लिनिकने, म्हणजे वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्याने, असे कुलूप न लावता यादीतील प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: थांबल्याने या रुग्णाचे काय बिघडेल?

शरीरात बसवलेल्या पंपातील बॅक्लोफेन हे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे औषध संपले तर जिवावर बेतू शकते, त्यामुळे तो वेळेवर भरलाच पाहिजे. मॉर्फिनलाही न जुमानणारी कर्करोगाची वेदना आणि औषधांनी आटोक्यात न येणारी नागिणीची किंवा सायटिकाची तीव्र कळ असलेल्या रुग्णांनाही ताटकळत ठेवू नये. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावरचे उपचार लांबवता येतात. कंबरदुखीसोबत लघवीवरील ताबा गेला असेल, तर मात्र इंजेक्शनचा विचारही न करता रुग्णाला त्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

पहिली तपासणी फोनवर किंवा व्हिडिओवर करावी. चंदगड-आजऱ्याहून एसटी बंद असताना येणे किती कठीण होते, हे येथे कोणाला सांगायला नको. तथापि 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत, आणि 2018 पासून ट्रामाडॉल हे वेदनाशामकही त्याच कायद्याखाली आहे. म्हणून अशा रुग्णाची तपासणी, चिठ्ठी आणि शक्य असल्यास ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) एकाच खेपेत उरकावे. कर्नाटकातील निपाणीकडच्या रुग्णाला राज्याच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर दाखवण्यासाठी वेळ लिहिलेले पत्र आधीच पाठवावे.

खरा विचार सूज कमी करण्यासाठी इंजेक्शनातून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा करावा लागतो. सांध्यात किंवा एपिड्युरलमध्ये (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत) दिलेले ट्रायमसिनोलोनसारखे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड रक्तातही उतरते आणि शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे काम काही आठवडे मंदावू शकते. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा हा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो. म्हणून आधी केवळ तेवढीच जागा बधिर करणाऱ्या भूल-औषधाने भागते का ते पाहावे. न भागल्यास कमीत कमी मात्रा द्यावी आणि प्रतिकारशक्ती कमी होण्याचा धोका रुग्णाला समजावून संमतीपत्रात नोंदवावा. मधुमेही रुग्णाची साखर पुढे काही दिवस चढी राहते, तेव्हा ती घरी तपासायला सांगावी; 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांची जोडी किती घातक ठरते ते दाखवले आहे. ताप किंवा खोकला असलेल्याचे इंजेक्शन शक्यतो पुढे ढकलावे. नुकताच आजारातून उठलेला रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असण्याची शक्यता असते, त्यामुळे मणक्यात सुई घालण्यापूर्वी ते आवर्जून विचारावे.

सी-आर्मच्या (सुई नेमकी घालण्यासाठी वापरायच्या क्ष-किरण यंत्राच्या) खोलीत मोजकीच माणसे असावीत. शिशाचा एप्रन आत आणि टाकून देण्याजोगा गाऊन वर घालावा. पालथ्या झोपलेल्या रुग्णाचा मास्क काढू नये आणि गाढ गुंगी टाळावी, कारण श्वास अडल्यास तोंडाशी करावी लागणारी धावपळच सर्वाधिक संसर्गजन्य असते.

पुढे ढकललेल्यांना दर आठवड्याला फोन करावा. पायातील ताकद कमी झाली, झोप उडाली किंवा गोळ्यांचे प्रमाण वाढले असे कळले, तर त्यांचे नाव त्याच दिवशी यादीत वर घ्यावे.