टाकी पूर्ण भरल्यावरच होडीत येणारा पेट्रोलचा वास: माझा अनुभव

कर्ली खाडीतील माझ्या आउटबोर्ड इंजिनाच्या फायबर होडीत, डेकखालील टाकी काठोकाठ भरली की दोन दिवस पेट्रोलचा उग्र वास येत असे आणि टाकी निम्म्यावर आली की तो नाहीसा होई. इंजिनाकडे जाणारी नळी, हातपंपाचा फुगा आणि फिल्टर बदलूनही फरक पडला नाही. तीन महिने फार मनस्ताप झाला.

वास पेट्रोलच्या पातळीनुसार बदलतो, म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात असणार, हे उशिरा ध्यानात आले. प्रथम सगळी झाकणे उघडून होडी तासभर वाऱ्यावर ठेवली (पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, म्हणून ही पायरी कधीही टाळू नये), वास गेल्यावर बॅटरीची जोडणी काढली, टाकीवरील प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू कागद गुंडाळला आणि सावकाश पेट्रोल भरले. टाकी भरत आली तेव्हा, ज्या नळीतून पेट्रोल टाकीत ओततात त्या जाड रबरी नळीच्या खालच्या टोकाचा कागद ओला झाला. पेट्रोल निम्म्याखाली काढून क्लिप सोडवल्यावर तिच्याखाली, बाहेरून मुळीच न दिसणारी, बोटभर चीर आढळली. पेट्रोलसाठीच बनवलेली नवी नळी दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा लावून बसवली, पुन्हा कागद गुंडाळून टाकी भरली आणि तो कोरडा राहिल्यावरच बॅटरी जोडली.