जुन्या फ्रेंच शिकारी बंदुकीला पॉलिश लावण्याआधी या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातली नक्षीदार फ्रेंच बंदूक हाती आली की बहुतेकांना आधी तिला चमकवावेसे वाटते. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. घोड्याजवळच्या पोलादी पट्टीवर हरणे, शिकारी कुत्रे, ओकची पाने उठावात कोरलेली असतात आणि त्यांच्यामागची पार्श्वभूमी कारागिराने पुष्कळदा मुद्दाम काळपट ठेवलेली असते. तो मळ नव्हे! त्यावर स्टील वूल फिरवले की कुत्र्याच्या अंगावरचे केस पुसट होतात, जडवलेल्या सोन्याच्या कडा उचकटतात. मऊ सुती कापडावर तेलाचे दोन थेंब पुरतात. तांबूस गंज असेल तर तेल लावून दिवसभर मुरू द्यावे, मग कापडानेच हलके टिपावे. तेल जास्त झाले तर ते अक्रोडाच्या दस्त्यात झिरपते आणि लाकूड मऊ पडते.

दमास्कस नळीला तर काचपेपर लावूच नका. लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून ती नळी घडवत. तिची जाळी डोळ्यांना दिसते ती पृष्ठभागावरच्या रासायनिक प्रक्रियेमुळे. तो थर खरवडला की उरते नुसती करडी नळी. अशा नळ्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांची धूररहित, जास्त दाब निर्माण करणारी दारू आली १८८४ मध्ये. म्हणून आजचे काडतूस त्यात घालून पाहणे जिवावर बेतू शकते.

ओळखतानाही घाई नडते. बंदूककार कासिमीर लफोशे यांनी १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये मागून भरायची, मधून मोडणारी बंदूक रूढ केली. पुढे इतरांनी तिच्या पुष्कळ नकला केल्या. त्यामुळे ‘सिस्तेम लफोशे’ एवढ्याने फक्त पद्धत कळते, कारखाना नाही. नळी उलटी करून पाहा. अंडाकृतीत ईएलजी अक्षरे असतील तर तिची चाचणी बेल्जियममधल्या लिएजला झालेली आहे. उलट ‘बर्नार’ दिसले म्हणून सगळी बंदूक त्यांची ठरत नाही. लेओपोल्द बर्नार पॅरिसच्या अनेक बंदूककारांना नळ्या पुरवत.

पिनफायर म्हणजे काडतुसातून बाहेर आलेल्या पिनेवर घोडा आपटून उडणारी बंदूक. तिच्या नळीत मागच्या टोकाला, वरच्या बाजूस पिनसाठी खाच असते. ती बुजवलेली दिसली तर बंदूक नंतर सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठोका बसणारी, केलेली आहे, मग विक्रेता ‘अगदी मूळ’ म्हणो.

नेहमीचा निमुळता स्क्रूड्रायव्हर वापरू नका. नक्षीदार स्क्रूची अरुंद खाच फाटते. आणि मखमलीची पेटी कितीही देखणी असली तरी बंदूक तिच्यात कोंडून ठेवू नका, मखमल ओल धरते. पेटीत फक्त अवजारे ठेवा.