मीटबॉलमधलं चीज मीटबॉलमध्येच राहावं म्हणून

मी पहिल्यांदा चीज भरलेले मीटबॉल केले तेव्हा त्यात चीज नव्हतंच. भरलं होतं, चांगलं सढळ हाताने भरलं होतं. पण तळता तळता ते वाट काढून बाहेर आलं, पॅनला चिकटलं आणि करपलं. जेवायला बसल्यावर धाकट्याने एक मीटबॉल फोडला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "यातलं चीज आधीच कुणी खाल्लं?"

तेव्हापासून हा पदार्थ करताना माझं अर्धं लक्ष चवीकडे आणि अर्धं चीज आत कोंडून ठेवण्याकडे असतं. मोझरेला साठ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, आणि खिमा नीट शिजायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे मांस तयार होईपर्यंत आतलं चीज पातळ झालेलं असणारच. त्यातल्या पाण्याची वाफही बाहेर पडायला जागा शोधते. कुठे चीर राहिली असेल, जोड कच्चा असेल, तर ती तिथूनच निघते आणि चीजला सोबत नेते. त्यामुळे चीज गार हवं, गोळा बिनभेगांचा हवा आणि आंच बेताची हवी.

चार जणांसाठी सोळा मीटबॉल होतील असं प्रमाण देते. खिमा ५०० ग्रॅम, मोझरेलाचे दीड सेंटिमीटरचे सोळा चौकोनी तुकडे, कडा काढलेल्या ब्रेडच्या २ स्लाइस, पाव कप दूध, १ अंडं, १ मध्यम कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर, सपाट १ छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड. सॉससाठी ८०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो (डब्यातलेही चालतात), ३ मोठे चमचे तेल, लसणाच्या ४ पाकळ्या, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं सुकं ओरेगानो.

खिमा कोणत्याही मांसाचा घ्या, फक्त अगदी कोरडा, चरबी पूर्ण काढलेला नको. १५ ते २० टक्के चरबी असेल तर गोळे मऊ राहतात. चिकनचा खिमा वापरणार असाल तर त्यात एक चमचा तेल घाला.

चीजच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. पाण्यात बुडवून मिळणारं ताजं मोझरेला इथे नको. ते इतकं पाणी सोडतं की आतून मांस गिळगिळीत होतं. घट्ट, कोरड्या ठोकळ्याचं मोझरेला घ्या. प्रोसेस्ड चीजही चालतं, ते वितळल्यावर तेल न सोडता एकसंध राहतं. किसलेलं चीज मात्र अजिबात नको. किसाच्या मधे हवा राहते, तो पटकन वितळतो आणि गोळा वळताना कडेने बाहेर डोकावतो. तुकडे कापले की ताटलीत सुटे पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाकीची तयारी करण्याआधी हे काम उरकून टाका.

कांदा अगदी बारीक चिरा, थोड्या तेलावर मऊ होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. कच्चा आणि जाडसर कांदा घालायचा मोह होतो, कारण एक भांडं वाचतं. पण कांद्याचा प्रत्येक जाड तुकडा म्हणजे गोळ्याच्या भिंतीतली एक फट. शिजताना तो पाणी सोडतो, आकसतो आणि चीजला रस्ता मोकळा होतो.

ब्रेडचे तुकडे दुधात पाच-दहा मिनिटं भिजवून हाताने कुस्करा, त्याची लापशीसारखी पेस्ट होऊ द्या. ब्रेड स्वस्तात वजन वाढवण्यासाठी घालतात असं पुष्कळांना वाटतं. खरं तर भिजलेला ब्रेड ओलावा धरून ठेवतो आणि मांसातली प्रथिनं एकमेकांत घट्ट आवळू देत नाही. तो नसेल तर मीटबॉल चेंडूसारखे चिवट होतात.

आता या पेस्टमध्येच अंडं, मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, कांदा आणि पार्सली एकत्र करून घ्या. खिमा सगळ्यात शेवटी घाला. आधी मसाला एकजीव केला की खिम्याला फार हात लावावा लागत नाही. बोटं फाकवून हलक्या हाताने मिसळा. कणीक तिंबतो तसं तिंबू नका. पण अगदीच वरवरही नको. मिठामुळे खिमा किंचित चिकट व्हायला लागतो, आणि जोड मिटायला तेवढा चिकटपणा हवाच. चिमूटभर मिश्रण हातात घेतल्यावर ते बोटांना थोडं धरून राहिलं की थांबायचं. मीठमसाला बघायला कच्चं मिश्रण चाखू नका, एक छोटी टिक्की तव्यावर भाजून खाऊन बघा. मग मिश्रण झाकून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

तेवढ्यात सॉस. तेलात लसूण मंद आंचेवर परता, तो लाल होऊ देऊ नका. टोमॅटो कुस्करून घाला, मीठ, साखर, ओरेगानो घाला आणि वीस मिनिटं शिजू द्या. तेल कडेला दिसू लागलं की झाला.

गोळे वळताना

मिश्रणाचे सोळा सारखे भाग करा, प्रत्येकी साधारण ४५ ग्रॅम. वजनकाटा असेल तर वापरा. लहानमोठे गोळे झाले तर काही कच्चे राहतात आणि काही फुटतात. हात पाण्याने ओले करा. तेलाने नको. तेल लागलेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत.

एक भाग तळहातावर घेऊन चपटा करा, मधे जाड आणि कडेला जरा पातळ. कडा पातळ ठेवायच्या कारण त्या वर एकत्र येतात तेव्हा तिथे दुप्पट थर होतो. मधोमध गार चीजचा तुकडा ठेवा. कडा चारी बाजूंनी वर आणा आणि चिमटीने मिटवा. मग ओंजळीत हलकेच दाबत आतली हवा काढा आणि शेवटी गोल फिरवा. चीजच्या चहूबाजूंनी निदान एक सेंटिमीटर मांस हवं.

आता प्रत्येक गोळा दिव्याखाली फिरवून बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी ओल्या बोटाने ती पुसून बुजवा. माझी खात्री आहे की फुटलेल्या दहांपैकी नऊ मीटबॉल याच घाईत फुटतात. जोडाची बाजू खाली करून गोळे ताटात मांडा आणि आणखी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

शिजवणं

रुंद पॅनमध्ये दोन मोठे चमचे तेल मध्यम आंचेवर तापवा. गोळे जोडाच्या बाजूवर ठेवा, म्हणजे तीच बाजू आधी भाजून पक्की होईल. दोन मिनिटं त्यांना हलवू नका. मांस पॅनला चिकटलंय असं वाटतं, पण खालून खरपूस थर आला की ते आपोआप सुटतं. त्याआधी उचकटलं तर साल पॅनलाच राहते. पॅन भरून टाकू नका. दाटीवाटीत गोळे भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतात. दोन खेपांत, सगळीकडून तांबूस होईपर्यंत भाजा. आत ते अजून कच्चेच असतील, तसेच हवेत.

मग गोळे सॉसमध्ये सोडा, झाकण जरा उघडं ठेवा आणि बारा ते पंधरा मिनिटं शिजवा. सॉस खदखदता नको, एखादा बुडबुडा अधूनमधून यावा इतपत. थर्मामीटर असेल तर एकदोन गोळ्यांत थेट मध्यापर्यंत खुपसून बघा: लाल मांसाला ७१ अंश सेल्सियस, चिकनला ७४. फ्रीजरमधलं चीज मधे असल्याने तिथलं मांस सगळ्यात शेवटी तापतं, म्हणून वरचा रंग बघून अंदाज बांधू नका. थर्मामीटर नसेल तर एक गोळा कापून बघा आणि तो स्वयंपाक करणाऱ्याने खावा.

पॅनपाशी उभं राहायचं नसेल तर ओव्हन २०० अंशांवर तापवून गोळे अठरा ते वीस मिनिटं भाजा आणि मग सॉसमध्ये घाला. खरपूसपणा थोडा कमी येतो, पण फुटतातही कमी. घरी पाहुणे असतील तेव्हा मी हाच मार्ग घेते.

एखादा फुटलाच तर सॉस हलकेच ढवळा. चीज त्यात मिसळून जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

वाढण्याआधी पाच मिनिटं थांबा. आतलं चीज जीभ पोळेल इतकं गरम असतं आणि बाहेरून ते कळत नाही. मुलांच्या ताटात तर गोळे अर्धे करूनच वाढा. सोबत पास्ता, भात किंवा सॉस पुसून खायला पाव, जे आवडेल ते.

उरलेले मीटबॉल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. तिथे ते तीन दिवस चांगले राहतात. परत गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये चीज उकळून फुटतं, म्हणून झाकण ठेवून सॉसमध्येच मंद आंचेवर, आतून वाफाळेपर्यंत गरम करा. दुप्पट प्रमाण करून कच्चे गोळेही साठवता येतात: आधी ताटात सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. तीन महिन्यांत संपवा, आणि भाजण्याआधी आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा.