मुलांचा दात घासायचा बांबूचा ब्रश पावसाळ्यात काळा पडू नये म्हणून काय करायचं

बांबूचा ब्रश घ्या म्हणून सगळे सांगतात, पण तो बेळगाव-खानापूरच्या पावसात टिकवायचा कसा ते कोण सांगत नाही, आणि खरी गोची तिथंच हाय.

घेताना डोकं लहान, केस सॉफ्ट, दांडा पोराच्या मुठीत बसेल इतपत जाड बघा. 'शंभर टक्के कुजणारा' या छापील ओळीवर जाऊ नका, दांडा कुजतो, केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. काही ब्रशांत डुकराचे केस असतात, तेव्हा निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांनी आणि बाकी शाकाहारी लोकांनीही पाकीट नीट वाचूनच घ्यावं.

वापरायच्या आधी दांड्यावरनं बोट फिरवा, कुठं खरखरीत लागलं तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, कारण पोरं दांडा चावतातच आणि फास हिरडीत गेली की रात्रभर रडारड.

पेस्ट ३ वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ ला वाटाण्याएवढी, फ्लोराइडवाली. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत शेवटचा हात आईबापानंच फिरवायचा.

आता वाळवणं. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की भिंतीवर बुरशी येते, तिथं बांबूला कोण विचारतंय. काळं पहिल्यांदा येतं ते बुडाला, कारण आपण ब्रश ग्लासात उभा करतो, पाणी दांड्यावरनं ओघळून खाली साठतं आणि बुड दिवसभर त्याच पाण्यात. म्हणून ग्लास बंद. तळाला भोकं असलेला स्टँड पण मला पटत नाही, भोकं चोंदतात आणि कोण साफ करत नाही.

करायचं काय, तर वापरून झाल्यावर ब्रश जोरात झटकायचा, दांडा कोरड्या फडक्यानं पुसायचा (केस नव्हे, दांडा) आणि कपड्याच्या चिमट्याला बुडाकडनं धरून डोकं खाली करून टांगायचा. बाथरूममध्ये नाही हं, तिथं दार बंद करून आंघोळीची वाफ कोंडते. स्वयंपाकघरात खिडकीजवळ दोरी बांधा, पण गॅसपासनं लांब, नाहीतर फोडणीचा चिकटा बसतो. प्लास्टिकची टोपी तर फेकूनच द्या, टोपीत ओल अडकते.

दोन ब्रश आलटून पालटून वापरा, एक सकाळी, एक रात्री, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पुरा दिवस मिळतो. एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं. बुडाला मधमाशीचं मेण किंचित गरम करून चोळलं तर पाणी कमी मुरतं. खोबरेल लावा म्हणणारे भेटतील, ते दोन दिवसांत धुऊन जातं आणि वर धूळ चिकटते. उकळत्या पाण्यात बुडवून 'निर्जंतुक' करायचं तर अजिबात नको, बांबू फुगतो, वाळताना तडकतो आणि केसांचे झुपके ढिले पडतात. ऊन पडलं म्हणून कडक उन्हात ठेवला तरी तडकणारच.

पिवळट-तपकिरी रंग आला तर घाबरू नका, बांबू जुना होताना असाच दिसतो. काळे ठिपके, केसाळ बुरशी किंवा कुबट वास आला तर मात्र घासत बसू नका, सरळ बदला. तसंही ३ महिन्यांनी बदलायचाच, केस पसरले तर त्याआधीच.

टाकताना केस पकडीनं उपटून कचऱ्यात, दांडा खताच्या खड्ड्यात नाहीतर बंबात. केसासकट बंबात टाकू नका, नायलॉनचा धूर घरात येतो. उपटताना पोरांना लांब ठेवा, प्रत्येक झुपक्यात धातूचा बारीक तुकडा असतो आणि तो उडतो.