चीनची ग्रुप टूर आखताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, वीस जण आहोत, चीन करायचाय. दहा दिवसांत बीजिंग, शिआन, झांगजियाजिये, ग्वेलिन, शांघाय आणि येताना हाँगकाँग. माणशी किती पडतील?" कोणाचा पासपोर्ट कधी संपतोय, कोणाचे गुडघे दुखतात, तिकडे तेव्हा सुट्ट्या आहेत का, याबद्दल एक शब्द नाही. भारत-चीन थेट विमानं २०२०पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून फोन वाढलेत आणि चुका मात्र जुन्याच आहेत. मी पुण्याहून ग्रुप घेऊन जाते. ज्या चुकांनी लोकांची ट्रिप हातची जाताना मी पाहिली, त्या इथे लिहिते.

यादी घाईत टाइप करणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि ती बीजिंगमध्ये नाही, इथे घरच्या टेबलावर होते. चीनमध्ये जवळपास प्रत्येक तिकीट पासपोर्ट नंबरला बांधलेलं असतं. वेगवान रेल्वेला आता कागदी तिकीट मिळत नाही. बुकिंग नाव आणि पासपोर्ट नंबरवर होतं आणि फलाटावर जाताना तोच पासपोर्ट दाखवायचा. बीजिंगच्या फॉरबिडन सिटीचंही, म्हणजे जुन्या राजवाड्याचंही, तसंच. बुकिंग सात दिवस आधी उघडतं, गर्दीच्या हंगामात पाहता पाहता संपतं, आणि आयत्या वेळी खिडकीवर जाऊन तिकीट काढू म्हणाल तर ती सोय नाही.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये आमचा बावीस जणांचा ग्रुप होता. त्यात नाशिकच्या एक मावशी होत्या, वय बासष्ट, पहिलाच परदेश प्रवास. त्यांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, म्हणून त्यांनी वेळेवर नवा काढला. व्हिसा नव्या पासपोर्टवर लागला, विमानाचं तिकीटही नव्यावर. पण तिकडच्या एजंटला मी जी यादी पाठवली होती ती त्याच्या महिनाभर आधीची, जुन्या नंबरची. बदललेली यादी पाठवायची राहून गेली. फॉरबिडन सिटीच्या दक्षिणेच्या दरवाजात एकेक जण यंत्रावर पासपोर्ट ठेवून आत जात होता. मावशींच्या वेळी यंत्र अडलं. पुन्हा ठेवला, पुन्हा अडलं. गाईडने तिथल्या माणसाशी बोलून पाहिलं, मी व्हिसाचं पान दाखवलं, जुन्या पासपोर्टचा फोटो दाखवला. त्या दिवसाची तिकिटं संपलेली होती आणि मागे शेकडो लोक ताटकळत होते. दुसरा दिवस सोमवार, म्हणजे फॉरबिडन सिटी बंद, आणि आमची गाडी संध्याकाळची.

ग्रुपला गाईडबरोबर आत पाठवलं आणि मी मावशींबरोबर बाहेर थांबले. वळसा घालून उत्तरेच्या चिंगशान टेकडीवर गेलो. राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी. वरून पिवळ्या कौलांची छपरं एकामागे एक दिसतात, पार दक्षिणेपर्यंत. मावशी बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "लांबून का होईना, दिसलं." मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. टाइप केलेली यादी मी एकटी तपासत नाही. एकाने पासपोर्ट हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील यादीवर पेन्सिलने खूण करायची: एक अक्षर, सात आकडे, मग मुदत, मग जन्मतारीख. बावीस जणांना अर्धा तास लागतो. नाव मी पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, तिथूनच उतरवते. आपल्याकडे आडनाव कधी आधी, कधी शेवटी, मध्ये वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आणि कित्येक बायकांचं आधार कार्डावर एक तर पासपोर्टवर दुसरंच. व्हॉट्सॲपवर लोक "नाव लिहून पाठवतो" म्हणतात, ते मी घेतच नाही. मला पानाचा स्पष्ट फोटो हवा. चार जण कुरकुरतात, कुरकुरू देत. व्हिसा हातात आला की ही सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

तारखा आपल्या सुट्टीप्रमाणे ठरवणं

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या आठवड्यात सगळा देश फिरायला निघालेला असतो. वसंतोत्सव, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी येतं. तेव्हा गाड्या भरलेल्या आणि लहान दुकानं बंद. आणि १ मे. आपला महाराष्ट्र दिन जोडून निघणारे ग्रुप नेमके त्यांच्या कामगार दिनाच्या सलग सुट्टीत जाऊन पडतात. भिंतीवर फोटोत चीनची भिंत कमी आणि माणसं जास्त येतात. मी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटल्यावर निघते. हवा कोरडी असते, गर्दी ओसरलेली असते आणि आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टीही बऱ्याचदा त्यात बसते.

भिंत म्हटलं की सगळे तिचा बादालिंगचा भाग मागतात. मी मुतिआन्यूला नेते. बीजिंगपासून साधारण ७० किलोमीटर, केबल कार आहे, आणि ज्येष्ठांना बुरुजांमधून निवांत चालता येतं.

शहरं मोजणं

दहा दिवसांत सहा शहरं म्हणजे दर दीड दिवसाला बॅगा भरायच्या. कागदावर गाडीचे पाच तास दिसतात. हॉटेल सोडणं, स्टेशनवरची सामानाची तपासणी, वीस परदेशी पासपोर्ट माणसाकरवी तपासून घेणं आणि पोचल्यावर पुन्हा बस, यात दिवस जातो. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं आणि ते कोणासाठी उघडत नाही. स्टेशनांच्या नावात 'बेई' म्हणजे उत्तर, 'नान' दक्षिण, 'दोंग' पूर्व, 'शी' पश्चिम. बीजिंग शी आणि बीजिंग नान ही वेगवेगळ्या टोकांना असलेली स्टेशनं आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं "बीजिंग स्टेशन" सांगितलंत तर तो तिसरीकडेच नेईल.

दहा दिवसांना तीन मुक्काम, फार तर चार. याच्यापुढे मी जात नाही. "एवढ्या लांब आलो तर उरकून टाकू" या विचाराने आलेल्या माणसाला शिआनचं मातीचं सैन्यही (टेराकोटा आर्मी) उरकायचंच असतं. १९७४मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जे सापडलं, त्या पहिल्या खड्ड्याच्या कठड्यापाशी लोक सेल्फी काढून वीस मिनिटांत बाहेर येतात. मी सांगते, एकच रांग निवडा आणि चेहरे बघा. एकाची मिशी दुसऱ्यासारखी नाही. केसांचा बुचडाही नीट विंचरून बांधलेला, मागच्या बाजूनेसुद्धा.

शिआनमध्येच आपल्या अगदी जवळचं एक ठिकाण आहे आणि शॉपिंगसाठी बहुतेक ग्रुप ते गाळतात. रानहंसाचा मोठा पॅगोडा. शाळेच्या इतिहासात आपण ज्याला ह्युएनत्संग म्हणून वाचलं, त्याने भारतातून ६५७ ग्रंथ नेले. ते ठेवायला ६५२मध्ये हा पॅगोडा बांधला. हा माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे, असं त्याने इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय. पॅगोड्यासमोर उभं राहून मी ग्रुपला एवढंच सांगते आणि मग कोणालाही बसकडे जायची घाई राहत नाही.

दुसरं गाळलं जाणारं ठिकाण शिजियाझुआंग. बीजिंग-शिआन वेगवान रेल्वे इथूनच जाते, बीजिंगपासून साधारण सव्वा तास. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. त्यांची समाधी इथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे, कॅनडाच्या डॉ. बेथ्यूनचीही तिथेच. सकाळची गाडी पकडून उतरायचं, सामान स्टेशनवर ठेवायचं आणि दुपारच्या गाडीने शिआन गाठायचं. मी एकदा असाच ग्रुप नेला. सोलापूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी पांढरी शेवंती घेतली. तिकडे स्मरणाला हेच फूल वाहतात. फुलं ठेवल्यावर पुतळ्याखालच्या दगडावरची धूळ त्यांनी पदराने पुसली, कोपऱ्यांतलीसुद्धा. अर्ध्या दिवसाचा हा थांबा मी आता खर्च कमी करायला सांगितला तरी काढत नाही.

झांगजियाजिये हे एकच ठिकाण समजणं

ही तीन ठिकाणं आहेत. दगडी खांबांचं राष्ट्रीय वनउद्यान शहरापासून दूर वुलिंगयुआनकडे. कड्याला टेकून ३२६ मीटर चढणारी लिफ्ट तिथे. त्याचं तिकीट चार दिवस चालतं, ते उगाच नाही. तिआनमेन पर्वत वेगळा. त्याची साडेसात किलोमीटरची केबल कार शहरातून निघते आणि ९९९ पायऱ्याही तिथल्याच. काचेचा पूल तिसरीकडे, ग्रँड कॅन्यनमध्ये. तिन्हींची तिकिटं वेगळी. एका दिवसात तिन्ही दाखवणारा कार्यक्रम कोणी दिला तर त्याने ती जागा पाहिलेली नाही. शिवाय इथे धुकं फार. मी दोन पूर्ण दिवस ठेवते आणि सकाळी आभाळ बघून क्रम बदलते.

हाँगकाँग मध्ये घालणं

हाँगकाँगला गेलात की तुम्ही मुख्य चीनमधून बाहेर पडलात असं धरलं जातं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येता येत नाही. ओळखीचा एक ग्रुप शांघायहून हाँगकाँगला गेला. परतीचं विमान होतं ग्वांगझूचं, म्हणजे पुन्हा मुख्य चीनमधलं. सोळा जणांना हाँगकाँगहून नवी तिकिटं काढावी लागली. हाँगकाँग घ्यायचंच तर शेवटी घ्या आणि तिथूनच भारतात या, नाहीतर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. भारतीयांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, ती व्हिसाच्या कागदांबरोबरच उरका.

फोन आणि पैसे तिथे गेल्यावर बघू म्हणणं

व्हॉट्सॲप, गुगल, जीमेल, यूट्यूब हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर चालतात. दर चार जणांमागे एकाचं तरी रोमिंग मी सक्तीचं करते. पैसे देताना तिकडे सगळीकडे मोबाइलवर कोड दाखवतात, अगदी भाजलेली रताळी विकणाराही. पैसे देण्याचं अलीपे हे ॲप घरूनच उतरवा, पासपोर्टने ओळख पटवा, कार्ड जोडा, आणि बँकेत कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. ते सिम घरी ठेवून गेलेले काका मी पाहिलेत. २०० युआनवरच्या व्यवहाराला तीन टक्के शुल्क लागतं, म्हणून थोडी रोखही जवळ असू द्या.

शाकाहारी म्हणजे काय ते न सांगणं

"व्हेज" हा शब्द तिकडे कळत नाही. परतलेल्या फरसबीत खिमा असतो, तिखट टोफूवरही बहुतेकदा असतो, आणि भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. "वो ची सू" म्हणजे मी शाकाहारी जेवतो. हे तोंडी पाठ करा आणि गाईडकडून चिनी लिपीत लिहून घेतलेलं कार्ड प्रत्येकाला द्या. बौद्ध मठांच्या पद्धतीच्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींसाठी तीच खाणावळ शोधा. स्टेशनवर, गाडीत, उकळतं पाणी फुकट मिळतं. झाकणाचा स्टीलचा डबा आणि झटपट पोहे बरोबर असले की कोणी उपाशी राहत नाही.

आणि पॉवर बँक. जून २०२५पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ३सी (CCC) ही चिनी सुरक्षा-प्रमाणाची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, तपासणीतच काढून घेतात. आपल्याकडच्या बहुतेकांवर ती खूण नसते. निघायच्या आदल्या दिवशी उलटून बघा, आणि खूण नसेल तर घरी ठेवा.