प्रभुभोजनाआधीचे आत्मपरीक्षण: शनिवारी चाळीस मिनिटे कशी वापरावीत

‘माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग त्या भाकरीतून खावे’ हे १ करिंथ ११:२८ चे वचन प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी वाचले जाते. त्यानंतर डोळे मिटायला मिळतो जेमतेम अर्धा मिनिट. एवढ्या वेळात फार तर शनिवारचे भांडण आठवते. म्हणून हे काम आदल्या संध्याकाळी घरी उरकावे. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असेल तर मागचा महिना तपासायचा. कॅथलिक वाचकांनी कुमसाराआधी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्याआधी, हेच करावे. पद्धत बदलत नाही.

काय घेऊन बसायचे

वही, पेन, बायबल, बँकेचे पासबुक किंवा यूपीआयची यादी, आणि फोनमधली कॉलची नोंद. शेवटच्या दोन गोष्टी पाहून काही जण नाक मुरडतात. पण आपली स्मरणशक्ती नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते, पासबुक तसे करत नाही.

सुरुवात

स्तोत्र १३९:२३-२४ सावकाश वाचा. मग महिनाभरात मिळालेल्या तीन कृपा नावानिशी लिहा. ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ असले गुळगुळीत शब्द नकोत. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली छापल्या गेल्या. त्यातल्या परीक्षणाच्या पाच पायऱ्यांत आभार पहिले आहेत, पापांची तपासणी तिसरी. थेट पापापासून सुरुवात करणारा माणूस दहा मिनिटांत एकतर सबबी सांगू लागतो किंवा खचतो.

पुरावा गोळा करणे: इथेच बहुतेकांचे बिघडते

गलती ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळांची यादी उघडा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येकासमोर दहापैकी गुण द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोडून द्या. ‘सहनशीलता: सहा’ हा आकडा आला कुठून? आजच्या मनःस्थितीतून. मेळाव्याहून परतलेल्या माणसाला स्वतःत नऊच्या नऊ फळे दिसतात, आणि तापातून उठलेल्याला एकही दिसत नाही. उपासनेची हजेरी, घरगुती प्रार्थना, तरुण संघाचे काम, वाचलेले अध्याय हेसुद्धा या पानावर नकोत. त्या सवयी चांगल्याच आहेत, पण त्या झाडाला घातलेले पाणी आहे आणि आपण फळ मोजायला बसलो आहोत.

नऊपैकी फक्त तीन शब्द निवडा. ज्यांच्यावरून नजर पटकन पुढे सरकते तेच तीन. प्रत्येकाखाली दोन घटना लिहा आणि प्रत्येक घटनेत तीनच गोष्टी ठेवा: दिवस, व्यक्ती, आणि मी काय केले किंवा बोललो. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. सासूबाईंनी गोळ्यांची वेळ तिसऱ्यांदा विचारली. मी उत्तर न देता चिठ्ठी टेबलावर आपटली.’ इथे पूर्णविराम. पेन ‘कारण’ किंवा ‘पण’ या शब्दाकडे वळले की हात उचला, पुढे येते ती वकिली.

व्यक्तींचा क्रमही ठरलेला असावा. आधी घरातली माणसे. मग ज्यांचा पगार किंवा सुट्टी आपल्या हातात आहे ते: कामवाली बाई, ड्रायव्हर, हाताखालचे कर्मचारी. मंडळी सर्वांत शेवटी. जे उलट उत्तर देऊ शकतात त्यांच्याशी आपण तसेही सांभाळूनच वागतो, त्यामुळे तिथली सौम्यता फारसे काही सिद्ध करत नाही. पासबुक इथे कामाला येते. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला हे लिहू नका. कोणाचे पैसे थकवले ते लिहा. कॉलच्या नोंदीत कोणाचा फोन महिनाभर उचलला नाही, तेही पाहा.

मंडळीकडे वळाल तेव्हा गलती ५:२०-२१ वाचा. देहाच्या कर्मांच्या त्या यादीत वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद आणि हेवा ही आठ नावे लागोपाठ येतात, आणि दारूबाजी त्यांच्यानंतर. आपल्याकडे दारू पिणाऱ्याला वेदीजवळ जाताना संकोच वाटतो. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कार्यकारिणीच्या, निवडणुकीत तट पाडणारा मात्र बिनदिक्कत पुढच्या बाकावर बसतो.

पान दोन बाजूंना घसरते. पहिली घसरण लूक १८ मधल्या, स्वतःला नीतिमान समजून दुसऱ्याला तुच्छ लेखणाऱ्या परूश्याची. ती ओळखायला सोपी आहे: लिहिलेल्या क्रियापदांखाली रेघ मारा. निम्म्याहून अधिक क्रिया दुसऱ्या कोणाच्या असतील, तर तुम्ही तक्रारअर्ज लिहिला आहे. पान फाडा आणि पुन्हा बसा. दुसरी घसरण जास्त फसवी आहे, कारण ती नम्रतेसारखी दिसते: ‘मी अत्यंत नालायक पापी आहे.’ हे वाक्य प्रार्थनासभेत शोभते, परीक्षणात मुळीच नाही. सगळेच वाईट म्हटले की दुरुस्त करण्याजोगे एकही नेमके काम शिल्लक राहत नाही. आणि एकदा कबूल केलेले पाप दर महिन्याला उकरत असाल, तर १ योहान १:९ (पापे कबूल केली तर देव क्षमा करतो) वाचून ती ओळ कायमची खोडा. या वहीमुळे झोप उडू लागली, मनातून भीती जाईना, तर वही बंद करून पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) आणि डॉक्टरांशीही बोला. असल्या वेळी ‘आणखी कसून तपासा’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका.

वाढ झाली की नाही, हे एका पानावरून कळत नाही. तीन महिन्यांपूर्वीचे पान शेजारी ठेवा आणि तीच व्यक्ती, तशीच चिथावणी शोधा. चुकांची संख्या कमी झाली म्हणून खूश होऊ नका. नजर तीक्ष्ण होते तशा नोंदी सुरुवातीला वाढतातच. माझ्या मते सर्वांत भरवशाचे माप म्हणजे माफी मागायला लागलेला वेळ. पूर्वी चार दिवस अबोला चालायचा आणि आता संध्याकाळपर्यंत ‘चुकलं माझं’ तोंडून निघते, तर पवित्र आत्मा काम करतो आहे.

रोजच्या ठिपक्यांचा तक्ता हवा असेल तर तोही इग्नेशियसने दिला आहे: आठवड्याच्या सात दिवसांसाठी ओळी, आणि प्रत्येक चुकीला एक ठिपका. तो एका वेळी एकाच ठराविक दोषासाठी वापरा, जसे खोटे बोलणे किंवा शिवी. प्रीती ठिपक्यांनी मोजता येत नाही.

दुसऱ्याला विचारणे

घरातल्या एकाला विचारा: ‘या महिन्यात माझ्याबरोबर राहणं तुला कधी जड गेलं?’ उत्तर ऐका, लिहा, खुलासा करू नका. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या १७३८ च्या नियमावलीतले छोटे गट दर आठवड्याला भेटत, आणि गेल्या भेटीपासून कोणते पाप जाणूनबुजून केले, असे तिथे थेट विचारले जाई. तेवढी जवळीक आज मिळाली तर उत्तमच. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र काहीही टाकू नका; तिथे प्रार्थनाविनंतीची बातमी व्हायला तासही लागत नाही.

रविवारच्या आत

एक फोन, एक परतफेड, एक बदल. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला सांगितले आहे, आणि येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याची भाषा केली. थकलेला पगार त्याच रात्री पाठवा. समेट लगेच शक्य नसेल तर वहीत तारीख घाला. बदल मोजता येईल असा हवा: ‘जास्त प्रार्थना करीन’ हे चालणार नाही, ‘जेवताना फोन दुसऱ्या खोलीत’ हे चालेल.

मग प्रभुभोजन घ्यावे की नाही?

पान वाईट निघाले म्हणून बाकावर बसून राहणारे पुष्कळ आहेत. वचन नीट वाचा: परीक्षण करावे ‘आणि मग’ खावे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा राग कोणावर होता, तेही ११:२१-२२ मध्ये आहे. काही जण आधीच जेवून घेत, काही भुकेले राहत आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाज आणली जाई. ११:२७ मधले ‘अयोग्य प्रकारे’ खाणे म्हणजे ते वागणे. निर्दोष माणसांनीच यावे, असा अर्थ काढला तर मेज रिकामेच राहील. समेट करायचाच नाही असे तुम्ही ठरवून टाकले असेल, तर मात्र आधी पाळकांना गाठा. कॅथलिक असाल आणि गंभीर पाप असेल, तर आधी कुमसार.

पानावर तारीख घालून वही कुलपात ठेवा आणि मधल्या दिवसांत चाळू नका. एकच ओळ सलग तीन महिने आली, तर चौथ्या शनिवारी एकट्याने बसू नका. ती ओळ पाळकांना किंवा विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.