सलाइन थांबलं की आधी रुग्णाचा हात बघा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

सलाइन थांबलं की विद्यार्थ्यांचा हात आधी रोलर क्लॅम्पकडे, म्हणजे थेंबांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या नळीवरच्या चाकाकडे जातो. क्लॅम्प पूर्ण उघडतात, तरी थेंब पडला नाही तर सिरिंज घेऊन जोराने फ्लश करतात, म्हणजे नळीत दाबाने सलाइन सोडतात. सगळ्यात धोक्याची चूक हीच. कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक प्लास्टिकच्या नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी असेल तर ती या जोराने रक्तात ढकलली जाते. कॅन्युला शिरेबाहेर आलेली असेल तर आत सोडलेलं सगळं आजूबाजूच्या भागात साचतं.

म्हणून सुरुवात रुग्णाच्या हातापासून करा. जागा सुजलेली, ताणलेली, फिकट आणि स्पर्शाला गार लागली, तर सलाइन शिरेबाहेर जातंय. लाल, गरम, दुखरी असेल आणि शीर दोरीसारखी कडक लागत असेल, तर शिरेलाच सूज आली आहे. दोन्ही वेळा सलाइन बंद करा, कॅन्युला काढा आणि नवी शक्यतो दुसऱ्या हातावर लावा.

याला एक अपवाद आहे. रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन किंवा केमोथेरपीतली काही औषधं शिरेबाहेर गेली तर तिथली त्वचा आणि स्नायू मरू शकतात. अशी शंका आली की औषध तत्काळ थांबवा, पण कॅन्युला घाईने काढू नका. तिच्यातूनच आत उरलेलं औषध ओढून घेता येतं. लगेच सीनियर सिस्टर आणि डॉक्टरांना बोलवा. ‘नळीत रक्त मागे येतंय, म्हणजे सगळं ठीक’ यावरही विसंबू नका. टोक अर्धवट शिरेत असलं तरी रक्त दिसू शकतं.

हात ठीक असेल तर कारण बहुतेक साधं निघतं: वाकलेलं मनगट, अंगाखाली दबलेली नळी, त्याच हाताला बांधलेला बीपीचा पट्टा, फार खाली टांगलेली बाटली, कडक बाटलीचा बंद राहिलेला एअर व्हेंट (हवा आत जायची वाट). आणि हो, शीर फुगवायला बांधलेली आणि सोडायची राहिलेली टूर्निकेट! बाहीखाली ती सहज दडून राहते.

कॅन्युला लावतानाच्या दोन सवयी आधीच मोडा. जागा स्पिरिटने पुसल्यावर ‘शीर आहे ना’ म्हणून पुन्हा बोट लावू नका आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्या. दुसरी जास्त गंभीर: थोडी मागे घेतलेली सुई पुन्हा कॅन्युलात सारू नका. प्लास्टिकचं टोक कापलं जाऊन रक्तात वाहत जाऊ शकतं. शीर हुकली असेल तर नवी कॅन्युला घ्या.

थेंब मोजताना सेटच्या (सलाइनच्या नळीच्या) पाकिटावरचा आकडा वाचा, किती थेंबांचा 1 मिली होतो तो. 500 मिली 4 तासांत द्यायचं आणि सेट 20 थेंबांना 1 मिलीचा असेल, तर 500 × 20 ÷ 240 (4 तासांची मिनिटं), म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. तेच 42 थेंब मायक्रो सेटवर लावले, जिथे 60 थेंबांचा 1 मिली होतो, तर रुग्णाला तासाला फक्त 42 मिली मिळेल, हवं त्याचा साधारण तिसरा हिस्सा. मागे पडलेलं सलाइन भरून काढायला वेग मात्र स्वतःहून वाढवू नका. वृद्ध, लहान मुलं, हृदय किंवा किडनीचे रुग्ण यांच्या फुप्फुसांत पाणी साचायला वेळ लागत नाही. धाप, खोकला दिसला की वेग अगदी कमी करा, डोक्याकडची बाजू उंच करा, डॉक्टरांना कळवा.

रक्त चढवायच्या नळीत रक्तासोबत फक्त नॉर्मल सलाइन चालतं. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे रक्त गोठू शकतं, डेक्स्ट्रोजमुळे लाल पेशी फुटतात.

पोटॅशियम क्लोराइड सिरिंजने थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. हृदय बंद पडू शकतं. टांगलेल्या बाटलीत ते घातलं तर तळाशी साचतं आणि सुरुवातीलाच दाट डोस जातो. म्हणून बाटली खाली उतरवा, औषध घाला, अनेकदा उलटसुलट करून मिसळा, औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेलं लेबल लावा आणि मगच टांगा.